अल्पशा आजाराचा नकाशा

माणसं कशानं मेली या विषयावर मनापासून प्रेम करणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि माझी आई गेल्यावर तो भेटायला आला तेव्हा मी त्याला घराबाहेर काढलं. चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी या गृहस्थांची बरीच थट्टा करणार आहे. ती केल्याशिवाय त्यांचं वर्णन होत नाही, आणि वाचणाऱ्यानं त्यांना हसताना माझ्याकडेही एक डोळा ठेवावा अशी इच्छा आहे.

आम्ही त्यांना खालचे काका म्हणायचो. कात्रजला आमच्या सोसायटीत ते आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहायचे, म्हणून खालचे. त्याच न्यायानं मी त्यांच्यासाठी ‘वरचे’ होतो. माझं नाव, आडनाव, कंपनी, हुद्दा, सगळं त्यांना ठाऊक होतं. पण कंपनीनं दोनदा बढती दिली तरी त्यांनी मला ‘अहो वरचे’च्या पुढे कधी सरकू दिलं नाही. सरकारच्या आकडेवारीच्या खात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले होते. निवृत्त झाल्यावर लोक गीता वाचतात, मुलाकडे अमेरिकेला जाऊन बर्फाचे फोटो आणतात, किंवा सोसायटीचे सेक्रेटरी होऊन इतरांचं जगणं अवघड करतात. काकांनी हॉलच्या मोठ्या भिंतीवर दोन नकाशे लावले, एक देशाचा आणि एक महाराष्ट्राचा, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरनं कुठे किती माणसं मरतात त्याप्रमाणे ते रंगवायला घेतले. ज्या भिंतीवर चारचौघांकडे टीव्ही असतो त्या भिंतीवर यांच्याकडे मरण होतं. पाहुण्याला बसवायची खुर्चीसुद्धा त्याच दिशेला तोंड करून ठेवलेली. चहा नंतर यायचा, आधी नकाशा. एकदा त्यांचा पुतण्या लग्न ठरलेल्या मुलीला पाया पडायला घेऊन आला. काकांनी तिला माहेर कुठलं ते विचारलं, भिंतीकडे वळून बघितलं आणि म्हणाले, “बरं आहे. फिकट आहे.” यालाच तिनं आशीर्वाद समजून घ्यायचं होतं.

रंगांची त्यांची स्वतःची पद्धत होती. कमी तिथे फिका पिवळा, आणि वाढत वाढत शेवटी गडद जांभळा. ईशान्येकडचं मिझोराम त्यांनी इतकं गडद केलं होतं की कागद तिथे मऊ पडला होता. छापील अहवाल कुठून कुठून मिळवून आणायचे, आणि नवा आकडा हाती आला की एखादं राज्य पुसून पुन्हा रंगवायचे. रविवारी मंडईत माझ्याबरोबर आले की वांग्यांच्या ढिगापुढे उभं राहून मला समजावायचे. काळंभोर वांगं उचलून म्हणायचे, हे मिझोराम. जरा उजळ वांगं उचलून, ही दिल्ली. आणि हिरवट पांढरं वांगं हातात घेऊन, हा आपला बहुतेक महाराष्ट्र. भाजीवाल्या मावशींनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आजोबा, वांगं घ्यायचं तर घ्या, न्हाईतर राज्य घेऊन पुढं व्हा.” काकांनी पाव किलो महाराष्ट्र घेतला.

पण त्यांचा खरा वैरी रोग नव्हता. त्यांचा वैरी होता वर्तमानपत्रातला निधनवार्तांचा रकाना. सकाळी पेपर आला की ते तिथूनच सुरुवात करायचे, आणि ‘अल्पशा आजाराने निधन’ असं दिसलं की त्यांच्या कपाळाची शीर उडू लागायची. मला म्हणायचे, “अहो वरचे, या राज्यातला सगळ्यांत जीवघेणा आजार कोणता, सांगा. अल्पसा आजार. ह्याच्याइतकी माणसं कशानंच मरत नाहीत.” दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं लिहिणाऱ्या डॉक्टरांबद्दल तर त्यांनी मला जिन्यात थांबवून ऐकवलं होतं: “हृदयक्रिया बंद पडणं हे मरणाचं कारण नाही हो, ते मरणच आहे. भाकरी का करपली, तर म्हणे काळी झाली म्हणून.” त्यांचं म्हणणं असं की आपल्याकडे शहरं गडद आणि खेडी फिकट दिसतात त्यात हवेचा आणि सिगारेटचा वाटा आहेच, पण खेड्यात या रोगाला ओळखणारा डॉक्टर नसतो आणि घरच्यांना त्याचं नाव घ्यायचं नसतं, हाही वाटा आहे. माणूस दम्यानं गेला म्हणतात, छातीनं गेला म्हणतात, टीबीची औषधं खात खात जातो. म्हणून ज्या जिल्ह्याची माहितीच मिळत नव्हती तो त्यांनी कोरा पांढरा ठेवला होता, आणि पांढऱ्याला कुणी चांगलं म्हटलेलं त्यांना खपत नसे.

रंग छापील आकड्यांचे. पण महाराष्ट्राच्या नकाशावर पेन्सिलीची बारीक टिंबंही होती. ती काकांनी स्वतः मिळवलेली माणसं. ती मिळवण्याची रीत ऐकाल तर तुम्हीही त्यांना घरात घेणार नाही. ओळखीत, ओळखीच्या ओळखीत कुणी गेलं की काका इस्त्रीचा पांढरा सदरा घालून भेटायला जायचे. पाणी प्यायचे, शिष्टाचाराला लागेल तेवढा वेळ गप्प बसायचे, आणि मग घरच्यांना हळूच विचारायचे, “धूर कुठला?” म्हणजे चुलीचा, विडीचा, कारखान्याचा की रस्त्याचा. पुण्यात बाहेरगावची माणसं उपचाराला येतात आणि इथेच मरतात, त्यांची मरणं पुण्याच्या माथी का मारायची, असा त्यांचा सवाल असे. म्हणून त्यांचा नियम होता: माणूस मेला तिथे टिंब नाही. ज्या गावचा धूर खाल्ला त्या गावात टिंब.

लोक चिडायचे. आमच्याच सोसायटीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या मुलांनी वडिलांना हार्टचं निमित्त झालं असं सांगितलं, तेव्हा काकांनी फडताळावरचा काचेचा अ‍ॅशट्रे न्याहाळत, फार सुंदर आहे, कुणाचा, असं विचारलं होतं. मुलं त्यांच्या अंगावर धावून जायची बाकी राहिली. पण त्यांतलाच थोरला आठवड्यानं गुपचूप काकांकडे गेला आणि सांगून आला की फुप्फुसाचाच होता, फक्त आईला बोलू नका. असे बरेच जण यायचे. चारचौघांत काकांना गिधाड म्हणायचे आणि एकेकटे जिना उतरून यायचे. खरं नाव एकदा कुणाकडे तरी घ्यावंसं वाटत असणार. हे मला तेव्हा विनोदी वाटायचं.

त्यांच्या या नादामागे काही दुःख असेल असं मी गृहीत धरलं होतं. काकू त्यानंच गेल्या का, असं एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, “छे हो. ती न्हाणीघरात पाय घसरून गेली. प्रत्येक कामाला दुःखच लागतं असं नाही. वेळ होता, भिंत होती.”

आता माझ्याकडे येतो. मी यवतमाळचा. नव्या आयटी कंपन्या पुण्यात माणसं घेत होत्या त्या लाटेत आलो, आणि पगाराबरोबर सिगारेटही लागली. कंपनीच्या दारातल्या टपरीवर आम्ही सगळेच ओढायचो. काका म्हणायचे की तिकडच्या गोऱ्यांनी सिगारेट सोडली म्हणून त्यांचा आलेख उतरणीला लागला. आणि त्यांनी टाकलेली ती सिगारेट उचलायला आपण तुमच्यासारखी शिकलेली माणसं ठेवली आहेत, डॉलरमध्ये. मी घरी बाल्कनीत ओढायचो आणि थोटकं खाली भिरकवायचो. ती काकांच्या मोगऱ्यात पडायची. त्यांनी कधी भांडण केलं नाही. ते थोटकं वेचून वर्तमानपत्राच्या पुडीत बांधायचे आणि वर आणून द्यायचे. म्हणायचे, “तुमचं सामान खाली राहिलं होतं.” पुडी बहुधा निधनवार्तांच्या पानाची असे.

दार माझी आई उघडायची. वडील गेल्यावर मी तिला पुण्यात आणलं होतं. ती शरमून पुडी घ्यायची आणि बदल्यात त्यांना जवसाची चटणी द्यायची. अशी त्यांची मैत्री झाली. दुपारी ती खाली जाऊन नकाशापुढच्या खुर्चीत बसायची आणि आपल्या जिल्ह्याची बाजू लढवायची. “आमचं यवतमाळ पाहा भाऊ, पांढरंफटक आहे. तिकडं नाई होत हे असं.” काका म्हणायचे, “होतं, वहिनी. फक्त बारसं होत नाही त्याचं.”

रात्री जेवणं झाली की आई माझ्याबरोबर बाल्कनीत येऊन बसायची. मी आत जा म्हणायचो. ती जायची नाही. घरात मी लॅपटॉपमध्ये असायचो किंवा फोनवर. सिगारेट पेटल्यापासून विझेपर्यंत तेवढाच काय तो मी एका जागी बसून तिच्याशी बोलायचो. तिला ते कळलं होतं. मला कळलं नव्हतं. ती खोकायची, पदर तोंडाला लावायची आणि म्हणायची, सांग नं, मग काय म्हणाला तुझा साहेब. कधी कधी तिचं बोलणं संपलं नसायचं, म्हणून मी दुसरी पेटवायचो.

तिला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी विचारलं, विडी, तंबाखू, मशेरी? काही नाही. घरात कुणी ओढतं का? मी म्हणालो, क्वचित. मग मीच घाईघाईनं सांगितलं की आयुष्यभर चूल होती, गावाकडे, धुराची, बिनखिडकीच्या खोलीत. ते खोटं नव्हतं. डॉक्टरांनी लिहून घेतलं, आणि मला इतकं हलकं वाटलं की त्याची लाज आजही जात नाही.

ती गेली तेव्हा मी सगळ्यांना हार्ट सांगितलं. कॅन्सर म्हटलं असतं तर लोकांनी कशानं झाला असं विचारलं असतं, आणि विचारता विचारता त्यांची नजर बाल्कनीकडे गेली असती. पेपरात बातमी मीच दिली: ‘अल्पशा आजाराने’. खालच्या मजल्यावर ती सगळ्यांत आधी वाचली जाणार हे ठाऊक असूनही दिली.

काका भेटायला आले. इस्त्रीचा सदरा नव्हता, घरातलाच चुरगळलेला होता. हे मला पुष्कळ नंतर आठवलं. यवतमाळचे नातेवाईक सतरंजीवर बसले होते. कुणीतरी हार्टचं बोललं. काका आईच्या फोटोकडे बघत म्हणाले, हार्ट कसं, वहिनी तर वर्षभर खोकत होत्या. आणि मग सवयीनं म्हणा, वेड्यासारखं म्हणा, पण फार हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, “धूर कुठला, वरचे?”

मी उठून दार उघडलं. म्हणालो, “तुम्ही गिधाड आहात. माझ्या आईवर बसू नका. चालते व्हा.”

ते उठले. चपला घालताना डावी उजव्या पायात गेली, ती तशीच घालून जिना उतरले. नातेवाईक म्हणाले, बरं केलंस, पुण्याची माणसं अशीच. मीही बरं केलं असं धरून चाललो. मी सिगारेट सोडली असं इथे लिहायला आवडलं असतं. तेव्हा सोडली नाही. उलट वाढली. थोटकं खाली पडत राहिली, पण पुडी यायची बंद झाली. एवढी थोटकं टाकूनही कुणी ती परत आणून देत नाही, हे इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. एक दिवस मी खाली वाकून पाहिलं. मोगरा वाळला होता आणि थोटकं कुंडीत तशीच पडून होती. सिगारेट सोडल्याला आता काही वर्षं झाली. सुरुवात त्या कुंडीपासून झाली एवढंच सांगतो.

मग कळलं की काकांची मुलगी त्यांना वाघोलीला आपल्याकडे नेते आहे. गुडघे गेले होते. खाली टेम्पो लागला होता. मी जिना उतरलो, त्यांच्या उघड्या दाराशी उभा राहिलो. सगळं सामान बांधून झालं होतं, फक्त नकाशे भिंतीवर होते. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, “आलाच आहात तर स्टुलावर चढा. माझे गुडघे चढू देत नाहीत.”

मी चढलो. वरच्या टाचण्या काढता काढता भिंतीकडे तोंड करून म्हणालो, “काका, आईचं हार्ट नव्हतं.”

“माहीत आहे.”

“तिचं टिंब द्यायचं राहिलंय.”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पेन्सिल काढली. बराच वेळ ती नुसतीच बोटांत फिरवली. मग म्हणाले की वहिनींचा जन्म चुलीपुढे गेला, त्या स्वतः सांगायच्या. चूल धरली तर यवतमाळ. पांढऱ्या जिल्ह्यात एक तरी खूण होईल. आणि पेन्सिल त्यांनी आपणहून यवतमाळपाशी नेली. जन्मभर लोकांकडून खरं काढून घेणारा हा माणूस मला पळून जायला वाट काढून देत होता.

“पुण्यात टाका,” मी म्हणालो. “धूर माझा होता.”

“ते कुणालाच सांगता येणार नाही, वरचे. या आकड्यांवरून जिल्हा कळतो. एक बाई कशानं गेली ते कळत नाही. मला नाही, तुमच्या डॉक्टरला नाही.”

“तरी पुण्यात टाका.”

त्यांनी टाकलं. कात्रजच्या जागी, इतकं बारीक की माहीत नसेल त्याला कागदाचा डाग वाटावा. पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाले, आता तो कोपरा धरा, फाटू देऊ नका. मी स्टुलावरून उतरून कोपरा धरला, त्यांनी दुसरा, आणि आम्ही तो महाराष्ट्र हळूहळू गुंडाळत एकमेकांच्या जवळ येत गेलो. समोरासमोर आल्यावर मी म्हणालो, “त्या दिवशी तुम्हाला जे बोललो, ते चुकलं माझं. माफ करा.”

काकांनी मान हलवली आणि गुंडाळी दोरीनं बांधायला घेतली. त्या माफीतली अर्धी त्यांच्यासाठी नव्हती, हे त्यांना कळलं असावं. कारण गाठ मारण्याआधी त्यांनी नकाशा पुन्हा थोडा उलगडला, पुण्यातल्या त्या टिंबापुरता, आणि माझ्यापुढे धरला.

“यांनाही सांगा,” ते म्हणाले.

मी सांगितलं.