उसळीचा पाय माफ

अकोल्यात मोर्णेच्या काठाला आमचं मैदान आहे. मैदान म्हणायचं ते आपलं प्रेमाने. पावसाळ्यात नदी एकदा तरी त्यावर येऊन जाते, जाताना गाळ ठेवून जाते, आणि उन्हं तापली की तीच काळी माती अशी भेगाळते की चेंडू तिच्यात अडकून बसावा. दरवर्षी मुरूम टाकायचा, रोलर फिरवायचा, आणि दरवर्षी तो मुरूम नदीने न्यायचा, हे ठरलेलंच. अशा जागेवर जुन्या शहरातली पोरं पिढ्यानपिढ्या हॉकी खेळत आली. भाजीवाल्यांची, शिंप्यांची, रिक्षावाल्यांची. हॉकी म्हणजे ज्युनियर हॉकी, त्यापुढे आमच्याकडे काही नाही. वय उलटलं की पोरगा दुकानावर बसतो, पोरीसाठी स्थळं बघायला लागतात, आणि स्टिक धाकट्याकडे जाते. मीही तिथेच खेळले. लेफ्ट आउट होते, आणि आज गुडघे कुरकुरतात तेव्हा मला त्या मैदानाचा रागही येतो आणि आठवणही येते.

त्या मैदानावर चेंडू सरळ येत नाही. खडा लागला की गुडघ्याएवढा उसळतो. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवसापासून शिकवतात की चेंडू अडवताना स्टिकच्या मागे पाय ठेवायचा. स्टिक चुकली तरी पाय चुकत नाही. आता नियम काय सांगतो? चेंडू पायाला लागला की फाउल. पण आमच्या मैदानाचा नियम वेगळा: उसळीचा पाय माफ. हा कोणी ठरवला ते कोणालाच माहीत नाही. माझ्या लहानपणी ज्यांच्या गळ्यात शिट्टी असायची ते म्हातारे गृहस्थ नुसता हात हलवायचे आणि ओरडायचे, "चालू द्या बे, मातीनं केलं थे, पोट्ट्यानं नाई!" आम्हाला तो न्याय फार आवडायचा. अजूनही वाटतं, माणूस म्हणून तो न्याय चांगलाच होता.

घोळ व्हायचा अमरावतीला. विभागाची निवड चाचणी तिथे असते. तिथे निवड झाली तर सरकारी क्रीडा वसतिगृह, रोजचा सराव, पुढची सगळी हॉकी. आमची पोरं दरवर्षी जायची, शिट्ट्या खायची आणि हात हलवत परत यायची. कारण तयारच असायचं: मैदान त्यांचं, शिट्टी त्यांची, निवड समिती त्यांची. अकोल्याचं पोरगं ते घेतच नाहीत. हे आम्ही चहाच्या टपरीवर बोललो, लग्नाच्या पंगतीत बोललो, बारशाला बोललो. माझा धाकटा भाऊ त्याच्या वेळी असाच परतला, तेव्हा आईने अमरावतीच्या नावाने बोटं मोडली होती. आपला तो बाब्या, हे काही आम्हाला वेगळं शिकवावं लागलं नाही.

तोच भाऊ आता पोरांना शिकवतो. सकाळी भाजीबाजारात मेथी-पालकाच्या जुड्या विकतो आणि संध्याकाळी शिट्टी गळ्यात घालून मैदानावर उभा राहतो. त्याची मुलगी, माझी भाची, फुलबॅक. मी पाहिलेल्या सगळ्या फुलबॅकांत ती उजवी, आणि हे मी आत्या म्हणून म्हणत नाही. चेंडू कुठे येणार हे तिला मारणाऱ्याच्या आधी कळायचं. तिची स्टिक आणि पाय असे एकत्र खाली बसायचे की त्यातून मुंगी जाऊ नये. हे तिचं ज्युनियरचं शेवटचं वर्ष होतं. यंदा अमरावतीला निवड झाली तर हॉकी, नाहीतर बारावीनंतर पुढच्या कोर्सची आणि स्थळाची चर्चा एकदमच सुरू होणार होती. तिला ते ठाऊक होतं. जायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "आत्या, मले दुसरं काहीच चांगलं येत नाई ना."

मी सोबत गेले. तिथलं मैदान पाहूनच मला धास्ती वाटली. गवत कापलेलं, जमीन पाटासारखी सपाट. चेंडू त्यावरून जमीन न सोडता घरंगळत यायचा. उसळी नावाला नाही. आणि आमच्या पोरी, स्टिकमागे पाय ठेवून, तो न उसळणारा चेंडू अडवत होत्या.

पहिली शिट्टी वाजली तेव्हा भाऊ हसला. "झालं सुरू या लोकायचं," म्हणाला. दुसरीला तो उठला. पुढे भाचीने गोलासमोर एक अवघड चेंडू अडवला, असा की मी टाळ्या वाजवल्या. चेंडू स्टिकला लागून तिच्या बुटाला निसटता घासला होता. शिट्टी. पेनल्टी कॉर्नर. त्यावर गोल. त्यानंतर ती चेंडूकडे न बघता पायाकडे बघायला लागली, आणि जी पोरगी पायाकडे बघत खेळते तिच्या बाजूने कोणीही निघून जातं. गेल्याच.

यादीत तिचं नाव नव्हतं. भाऊ तडक शिट्टीवाल्या बाईंकडे गेला आणि मी मागे, कारण त्याचा आवाज चढला की त्याला आवरणारी मी एकटीच. निवड समितीतही त्या होत्याच. पण त्या बाई ना अमरावतीच्या ना अकोल्याच्या. लांब कोकणातून आलेल्या, वयाने लहान. भाऊ म्हणाला, "मॅडम, आमच्याच पोरीयले काहून मारता शिट्ट्या? त्यायच्या पोरीयले एकबी नाई!"

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, आम्ही भांडून मोकळे झालो असतो. म्हणाल्या, "सर, त्या मुली पाय आणतच नाहीत. तुमच्या सगळ्याच आणतात. तुमच्या मुलीची नजर फार चांगली आहे, मला तिला घ्यावंसं वाटत होतं. पण ही सवय आता मोडायची कधी?" मग खरंच जाणून घ्यायचं म्हणून त्यांनी विचारलं, "हे त्यांना शिकवलं कोणी?"

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपण दुसऱ्याला ऐकवतो. आमचं अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि आम्ही त्या वाकडेपणावर नाचायला इतके छान शिकलो होतो की सरळ अंगणात आमचाच पाय आम्हाला नडला. आणि एवढी वर्षं ज्यांना आम्ही लबाड म्हणालो, ते नुसता नियम पाळत होते. मला त्या क्षणी शरम वाटली, आणि शरमेपेक्षा जास्त राग आला, पण तो घ्यायला समोर कोणीच नव्हतं.

परतीच्या एसटीत तिघांच्या बाकावर भाची खिडकीपाशी, मध्ये भाऊ, कडेला मी. बडनेरा मागे पडलं. मग तिने विचारलं, "बाबा, तुमच्या टायमालेबी पायाचीच शिट्टी वाजली होती काय?"

"हो."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"मले वाटे, थे लबाडी करून राहिले."

ती बाहेर बघत राहिली. रस्त्याकडेला तुरीची शेतं होती. तिकडेच बघत म्हणाली, "अन् आपल्या मैदानावर? तिथं तं शिट्टी तुमच्याच गळ्यात राहाते. तिथं कधी काहून नाई वाजवली?"

भाऊ म्हणाला, "तू लहान होती. थ्या मातीत चेंडू कसा येते तुले माहीत हाय. पोट्टे किती मेहनत करतात, पडतात, गुडघे फोडून घेतात. त्यायच्यावर शिट्टी कशी मारू? आपलेच लेकरं हायेत."

मला वाटलं ती भांडेल. भांडली नाही. अगदी हळू आवाजात, जणू त्यालाच समजावत असल्यासारखं म्हणाली, "मारायची होती, बाबा. तुमी मारली असती तं मी दोनच दिवस रडली असती."

मला तिला जवळ घ्यायचं होतं. पण मध्ये माझा धाकटा भाऊ तोंडावर रुमाल धरून रडत होता, आणि आधी कोणाच्या पाठीवर हात ठेवायचा, हे मला अकोला येईपर्यंत कळलं नाही.