झोपेत गेलेला बाप

आमच्या थिएटरात बाल्कनीच्या दारावर उभी राहणारी बाई सगळ्यांची बॅटरीबाई. तिकीट फाडायचं, अर्धं परत द्यायचं, सिनेमा सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्चीपर्यंत न्यायचं, हे तिचं काम. बॅटरी कायम जमिनीवर, कुणाच्या तोंडावर कधी मारली नाही तिनं. मी खाली तिकीटखिडकीत बसते. माझी जीभ तिखट, तिची मऊ, म्हणून आमचं जमलं असावं.

घरी तिची भाची. भावाची मुलगी. ती वर्षाची असतानाच आई तापानं गेली आणि मागोमाग बापही गेला, झोपेत हृदय बंद पडून, ऐन तिशीत. आत्यानं पोर वाढवली. बापाचा फोटो भिंतीवर होता. येणारा-जाणारा म्हणायचा, "अगदी भावावर गेल्या आहात हो तुम्ही!" आणि बॅटरीबाई हसत चहा ठेवायला उठायची.

तो भाऊ म्हणजे ती स्वतःच. मला हे तिनं एका रिकाम्या मॅटिनीला बाल्कनीच्या पायरीवर बसून सांगितलं. बायको गेल्यावर ती कडेवरच्या पोरीला घेऊन या गावात आली, जिथं काळं कुत्रंही ओळखत नव्हतं, आणि लहानपणापासून आतून जी होती ती बाहेरूनही झाली. घरच्यांनी सांगून टाकलं होतं, तू आम्हाला मेलास. "मग पोरीला तरी वेगळं काय सांगू?" ती म्हणाली. पोर बोलायला लागल्यावर बाबा कुठं म्हणून विचारायची. कशानं गेले, हे सांगणं भाग पडलं. मग बॅटरीबाईनं त्यातल्या त्यात सोपं मरण निवडलं. झोपेत गेले, काही दुखलं नाही त्यांना.

पोरीला बरं वाटेल म्हणून हे सांगितलं, आणि पोर झोपेलाच घाबरायला लागली. छातीवर हात ठेवून ठोके मोजत पडायची. मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेली, तरी तिशी जवळ यायला लागली तसा तिचा चेहरा उतरत गेला. तपासण्या झाल्या, सगळ्या स्वच्छ. पण डॉक्टरही माणूसच. वडील तिशीत झोपेत गेले हे ऐकल्यावर तो म्हणाला, असं कधीकधी कुठल्याच तपासणीत दिसत नाही.

अशात तिला दिवस गेले.

आम्ही पेढे कधी मिळतात याची वाट बघत होतो, तर बॅटरीबाई एक दिवस पांढरीफटक होऊन खिडकीशी आली. पोरीनं ठरवलं होतं, मूल ठेवायचं नाही. बाळाला जन्म देऊन वर्षभरात आपणच गेलो तर? आपल्यासारखी आणखी एक पोर कशाला? येत्या शुक्रवारची वेळ घेतली होती. नवरा समजावून थकला. आणि तिथं सोबत कुणी यावं म्हणाली असेल? आत्यानं.

"सांगून टाक," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"जे मला सांगितलंस ते. तुझा बाप धडधाकट आहे, बाल्कनीत तिकिटं फाडतोय."

मी हे चुकीचं बोलले. 'बाप' ऐकताना तिच्या तोंडावर जे आलं ते पाहून मी जीभ चावली. पण सांगायला तर हवंच होतं, आणि तिच्याच्यानं होत नव्हतं.

योगायोग बघा, त्याच आठवड्यात एक सिनेमा लागला. एक बाप बाई होतो, घरापासून ते लपवतो, लेकीला कळतं, ती आधी तोंड फिरवते आणि शेवटी गळ्यात पडते. रडारड, संगीत, दिवे लागले. हॉलमध्ये जेमतेम चार डोकी असायची. बॅटरीबाई मात्र प्रत्येक खेळ दाराशी उभी राहून बघायची. मला तो सिनेमा मुळीच आवडला नाही. सिनेमावाल्यांच्या हातात शेवटचं रीळ असतं, हवं तसं मिटवतात. तिला मात्र त्यातून धीर आला. ती म्हणाली, "तिला दाखवते. बघेल, तिला कळेल, मग मला थोडंच बोलावं लागेल." स्वतःचं काम तिनं पडद्यावर ढकललं, दुसरं काय!

बुधवारच्या दुपारच्या खेळाला पोरगी आली. सुटल्यावर लोक गेले आणि त्या दोघी माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसल्या. पोरीचे डोळे लाल.

"आवडला?" बॅटरीबाईनं विचारलं.

"खूप. किती सोसलं गं त्यानं. तिनं, म्हणजे." पोरीनं नाक पुसलं. "पण त्या मुलीचा मला रागच आला. एवढा काय तमाशा? निदान जिवंत तरी होता ना तिचा बाप."

इतकं सोपं करून कुणी हातात देत नाही. मला वाटलं, सुटली ही बया.

"तुझाही आहे," बॅटरीबाई म्हणाली. "झोपेत कुणी गेलं नाही. तुझ्या छातीला काही झालेलं नाही, होणार नाही. तो फोटो माझा आहे."

पोरीनं पुरावा मागितला नाही. लहानपणापासून तो चेहरा तिच्यासमोर होता, फक्त आता ती तो पहिल्यांदा बघत होती. मग तिनं पोटावर हात ठेवला आणि मोठा श्वास सोडला. मी इकडे डोळे पुसायला पदर शोधत होते.

"तू बाई आहेस याचं मला काही नाही," ती म्हणाली. आवाज अगदी शांत. "पण मी रात्र रात्र ठोके मोजत जागी असायचे, आणि तू शेजारी बसून माझ्या पाठीवरून हात फिरवायचीस. तुला माहीत होतं, आत्या. हात फिरवताना तुला माहीत होतं."

पोरगी उठली, चपला घातल्या, गेली. शुक्रवारी ती डॉक्टरकडे गेली नाही, आणि त्यानंतर आत्याकडेही कधी आली नाही. बॅटरीबाई सणासुदीला, वाढदिवसाला त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायची आणि परत यायची, हे मला आमच्या ऑपरेटरनं सांगितलं. मला ती काही बोलली नाही. कामात कसूर नाही, एक दिवस रजा नाही. फक्त जेवणाचा डबा न उघडता परत न्यायला लागली, त्यावरून मी तिला रोज रागवायचे.

दिवस भरल्यावर एका दुपारी जावई खिडकीशी आला. भला माणूस, मान खाली.

"मावशी, मुलगी झाली. दोघी छान आहेत. बाळाचं सगळं तपासून घेतलं, ठणठणीत आहे. तेवढं आत्यांना सांगाल?"

"तिला बघायला येऊ दे की."

त्यानं मान हलवली. "नाही म्हणते. आणि आता तर ठरलंच आहे. आमच्या पोरीला आजोबा नाहीत म्हणून सांगायचं. आत्यांचं तर नावही काढायचं नाही."

मला संताप आला. म्हणजे पुन्हा तेच! "आणि ते आजोबा कशानं गेले म्हणून सांगणार आहात?"

"अपघातात," तो ओशाळून म्हणाला.

मी जिना चढून वर गेले. खेळ सुरू व्हायला वेळ होता, ती खुर्च्या सरळ करत होती. मुलगी झाली, ठणठणीत आहे म्हटल्यावर ती हसली. किती महिन्यांनी हसली असेल. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण राग पोटात ठेवणं मला जमत नाही, मी बाकीचंही सांगून टाकलं. मला वाटलं, ती रडेल, निदान चिडेल तरी.

ती थोडा वेळ खुर्चीच्या दांडीवरून हात फिरवत राहिली.

"अपघात बरा," ती म्हणाली. "तो रक्तातून उतरत नाही."