हेड की इंजिन

उधव्याच्या चढावर माझ्या जीपने पांढरा धूर सोडला आणि ती तिथेच बंद पडली. तलासरी ते उधवा मी माणसं वाहतो; गाडी बसली की मीही बसलो. दुसऱ्या जीपला बांधून ती अच्छाडच्या गॅरेजात नेली. मिस्त्रीने इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं, बोट फिरवून बघितलं आणि विचारलं, "काका, तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतता काय?"

ओततो म्हणजे काय! चढ संपला की बोअरिंगपाशी गाडी थांबायची. बाजाराला निघालेल्या बायका आपणहून उतरून डबा भरून आणायच्या. "गाडीला तहान लागली," म्हणत रेडिएटरमध्ये ओतायच्या आणि मी कौतुकाने फडक्याने झाकण उघडून द्यायचो. त्या मायेनेच हेडला तडा गेला म्हणे. आता चिडायचं कोणावर? मी मिस्त्रीवरच चिडलो.

तो शांतपणे म्हणाला, हेड दुरुस्त होईल. पण खालचं इंजिनही झिजलंय. वरचं घट्ट झालं की ते ऑइल खायला लागेल. मी गुजरातेतल्या भिलाडच्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणे, "हेडनुं रहेवा दो, काका. आखुं इंजिन ज बदली नाखो." अख्खं इंजिनच बदलायचं का, असं पुन्हा पहिल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "त्याचंही बरोबर आहे." डोकं भणाणलं. दोघंही बरोबर असतील तर मी काय करायचं?

घरी जेवताना बायकोला दोन्ही बाजू सांगितल्या, मग उलटसुलट करून पुन्हा सांगितल्या. तिने विचारलं, "इंजिन बदललं तर किती वर्षं चालेल?"

"दहा वर्षं बघायला नको."

"आणि तुम्ही किती वर्षं चालवाल?"

क्लच दाबताना माझा डावा गुडघा कळ मारतो. तिन्हीसांजेला समोरच्या ट्रकचा दिवा पसरून दिसतो. हे मी तिला कधी बोललो नव्हतो, पण तिला ठाऊक होतं. मला रागही आला आणि रडूही. गाडीचं बोलत होतो, त्यात माझा गुडघा कुठून आला?

सकाळी मिस्त्रीला फोन केला. "हेडच कर."

"मग दोन-तीन वर्षंच धरा हं, काका."

"तेवढीच हवीत," मी म्हणालो.

चहा गाळता गाळता बायकोचा हात थांबला. फोन ठेवला तरी मला कळेना, हे मी कधी ठरवलं.