अण्णांची झुकिनी खपवताना

किस्सा आणि झुकिनी, दोन्हींचं एकच आहे. संध्याकाळी बोटाएवढं दिसतं म्हणून सोडून द्यावं, तर सकाळी मनगटाएवढं झालेलं असतं. आमच्या वाईच्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये गेल्या उन्हाळ्यात दोन्हींचं अमाप पीक आलं, आणि दोन्हींना कारण आमचे अण्णा.

अण्णा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. ऊस चुलत्यांकडे, त्यामुळे यांच्या वाट्याला घरामागचं परसू. तिथे त्यांनी एका फौजी दोस्ताने दिलेलं झुकिनीचं बी टोकलं. आम्हाला वाटलं, दोन-चार वेल उगवतील. सगळंच उगवलं. मग अण्णांनी जाहीर केलं, "लोकांनी आवडीनं खाल्ली तर हितंच शेती करीन. न्हाईतर पुण्याला सिक्युरिटीत चाललो. मला रिकामं बसाय जमायचं न्हाई."

आईचं तोंड एवढंसं झालं. इतक्या वर्षांनी माणूस घरी आला होता. तेव्हापासून रोज सकाळी ती माझ्या स्कूटीच्या हुकाला मिलिटरी कॅन्टीनची हिरवी पिशवी अडकवायची आणि हळूच म्हणायची, "खपव गं बाई."

मी शिकवते खरी, पण शाळेची घंटा वाजली तरी दचकते. आणि जबाबदारी माझ्यावर!

*

पहिलं गिऱ्हाईक हेडसर. मधल्या सुट्टीत आले, टेबलावरची एक उचलली, काकडी समजून मीठ लावलं आणि मोठा घास घेतला. सांगायला मी तोंड उघडेपर्यंत ते चावायला लागले होते. अन्न टाकायचं नाही हे मुलांना रोज प्रार्थनेनंतर सांगणारा माणूस, आणि अख्खा स्टाफ बघतोय. सरांनी ती शेवटपर्यंत खाल्ली, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "काकडी जरा अबोल आहे."

संध्याकाळी अण्णांनी रिपोर्ट मागितला. मी म्हटलं, हेडसरांनी कच्चीच संपवली. खोटं काहीच नव्हतं, तरी मला घाम फुटला.

*

घरी आईने भाजी केली, भजी केली, थालीपीठं लावली, आमटीत घातली. "लय गुणाची हाय," ती म्हणायची, "सोताचं काय म्हननंच न्हाई."

त्यात आटपाडीहून मामा आला. तिकडच्या कोरड्या भागातला माणूस, ताटात हिरवं दिसलं की खूश. पहिल्या दिवशी त्याने भाजी वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी थालीपीठ निमूट खाल्लं. तिसऱ्या दिवशी खीर समोर आली. एक चमचा घेऊन तो थांबला, तांब्या उचलून आत डोकावला आणि आईला विचारलं, "आक्का, पाण्यात तरी न्हाई ना घातली?"

*

आमच्याकडे कुणाची पिशवी रिकामी परत करत नाहीत. स्टाफरूममधल्या माने मॅडमनी माझी पिशवी कैऱ्या घालून दिली. शिपाई गेनूमामांनी शेवग्याच्या शेंगा घातल्या. मी जेवढी झुकिनी नेत होते, तेवढंच घरी आणत होते. अण्णा खूश, त्यांना वाटायचं लोक मागणी करतायत. आई स्वयंपाकघरात कैऱ्यांच्या ढिगापुढे बसून म्हणाली, "आता ह्ये कुठं खपवायचं?"

*

एकदा शाळेत जाताना मागून भाजीवाल्याचा भोंगा वाजला आणि मी स्कूटीसकट आडवी झाले. झुकिन्या रस्ताभर. एकीवर तर बुडापासून देठापर्यंत लांब ओरखडा. भाजीवाला गाडा सोडून धावत आला, लागलं का विचारलं. मी म्हटलं, मला नाही, हिला लागलंय. त्याने ती उलटसुलट करून बघितली आणि जपून माझ्या पिशवीत ठेवली. "ताई, ह्ये तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

शाळेत पोचून कोपराला पट्टी लावली आणि पिशवी माने मॅडमना दिली. ओरखड्याची बाजू खाली केली होती.

*

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी शेजारच्या शिंदेकाकू एक फुलाफुलांची पिशवी घेऊन आल्या. म्हणाल्या, "जावंकडनं आल्यात. आमच्यात कुणी खात न्हाई, तुमच्यात खात्यात म्हनून आणल्या."

काकूंची जाऊ माने मॅडमच्या भिंतीला भिंत लावून राहते.

अण्णांनी पिशवीत हात घालून नेमकी तीच काढली. ओरखडा सुकून तपकिरी झाला होता. मी दाराची कडी धरली. अण्णांनी चष्मा लावला, ती दाबली, वास घेतला. आईने ओरखड्याकडे बघितलं, मग माझ्या कोपरावरच्या पट्टीकडे, आणि पदर तोंडाला लावला.

"वाईत आनखी कुनीतरी लावाय लागलंय," अण्णा म्हणाले. मग चष्मा काढून खिशात ठेवला. "आपलं बघून लोकं शिकली म्हंजे. आता मला पुण्याला जाऊन कसं चालंल?"

काकू पिशवीसाठी थांबल्या होत्या.

अण्णांनी ती झुकिनी बाजूला ठेवली. "माल बरा हाय, पर हलका. धड तोडाय बी येत न्हाई त्यास्नी, खरचटलीय बघ." आणि आईला म्हणाले, "काकूंची पिशवी रिकामी देऊ नगंस. आपल्यातल्या दोन घाल. जावंला म्हनावं, झुकिनी अशी असती."