वाऱ्याकडचं अंगण

आ-सुई फानच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की ती तिथून उठवायला त्याची बायको सिउ-मोय लागायची, आणि सिउ-मोयला जाऊन तर आता बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे आपल्यामागे घर आणि अंगण सगळंच्या सगळं सुनेच्या नावावर करायचं, हा विचार एकदा आत शिरला तो तिथंच पाय पसरून बसला. आ-सुईला तो इतका साधा आणि सरळ वाटत होता की मृत्युपत्र लिहिणं म्हणजे घटकाभराचं काम, असंच तो धरून चालला होता.

शिनपूच्या डोंगराखाली नवव्या महिन्याचा वारा सुटला की आ-सुईच्या अंगणात पाय ठेवायला जागा राहत नाही. बांबूच्या गोल चाळण्या मांडवांवर ओळीनं लागतात आणि त्यांत सोललेले पर्सिमन नारिंगी गाल वर करून ऊन खात पडतात. ते सुकवतो तो वारा, ऊन नव्हे, असं आ-सुईचं ठाम मत. ऊन काय, कुठंही मिळतं. तरुणपणी सक्तीच्या लष्करी नोकरीत किनमन बेटावर होता, तेव्हाही त्याची एकच तक्रार होती, की इथला वारा ओला आहे. तोफा वगैरे त्याच्या आठवणीत फारशा नव्हत्या. फळ सोलताना साल कुठंही न तोडता एका फेऱ्यात उतरवायची, आणि तेवढ्या वेळात एका शेजाऱ्याची यथास्थित निंदा उरकायची, ही दोन्ही कामं तो लहानपणापासून सारख्याच सफाईनं करत आला होता. एकूण माणूस सुखी होता. हात चालत होते, दात बरेचसे जागेवर होते, आणि आपल्यासारखे पर्सिमन गावात दुसरा कुणी सुकवत नाही ही खात्री रात्री उशाशी होती.

सून लान-फा बोर्निओतल्या सिंगकवांगची. तिची हाक्का बोली यांचीच, फक्त चाल वेगळी. गावच्या बायका आधी तिच्या बोलण्याला हसल्या आणि मग नकळत तसंच बोलायला लागल्या. आ-सुईचा एकुलता मुलगा आजारात गेला तेव्हा मूलबाळ काही नव्हतं, आणि आता ही माहेरी परत जाणार असंच सगळे धरून होते. आ-सुईनं तर तिच्या विमानाच्या तिकिटाची चौकशीही करून ठेवली होती. कार्य आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे ती छपरीत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, कालची फळं दाबायची राहिलीत." अर्धवट सुकलेलं फळ अंगठ्यानं हलकेच दाबून मऊ करावं लागतं, नाहीतर त्याचा तुरटपणा जात नाही. दोघं समोरासमोर बसून दुपारपर्यंत फळं दाबत राहिली. जाण्याचा विषय पुन्हा कधी निघालाच नाही. ती प्रत्येक भाजीत मिरची घालते म्हणून आ-सुई रोज कुरकुरतो आणि रोज दुसऱ्यांदा वाढून घेतो.

राहिली मुलगी. क्युक-इन. जवळच्या जुबेई शहरात तिचं न्याहारीचं दुकान आहे, सोयादूध आणि मुळ्याची वडी. जिभेनं बापावर गेलेली. तिचं लग्न ठरलं तेव्हा आ-सुईनं रीतीप्रमाणे भरघोस आंदण दिलं आणि रीतीप्रमाणेच, माहेरच्या जमिनीवर आपला हक्क नाही अशा कागदावर सहीऐवजी तिच्या नावाचा शिक्का उमटवून घेतला. त्याच्या बहिणींनी तसंच केलं होतं, आत्यांनीही. त्यात दुष्टपणा आहे असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तेव्हापासून क्युक-इन नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी, लेकी माहेरी येतात त्या दिवशी, केकचा खोका घेऊन पुढच्या दारानं यायची. तिला चहा मिळायचा, कोंबडीची तंगडी मिळायची, आणि ऊन कलायला लागलं की आ-सुई म्हणायचा, "ऊन उतरलं, निघ आता." पाहुणीला अंधारात पाठवू नये, एवढाच त्याचा त्यात भाव असायचा.

तर गावातल्या तेंगबाईंकडे, जमिनीची आणि वारशाची कामं करणाऱ्या दस्तलेखिकेकडे, आ-सुई छातीठोकपणे गेला. मुलीचं प्रकरण लग्नातच मिटवलंय, असं त्यानं सांगितलं आणि चहाची वाट पाहत बसला. तेंगबाईंनी चहा दिला आणि त्याबरोबर बाकीचंही दिलं. बाप जिवंत असताना मुलीनं सोडलेला वारसा कायद्यात सोडला असा धरतच नाहीत. सोडायचाच असेल तर बाप गेल्यावर, तिच्या खुशीनं. आणि सून वारस नाही; तिला द्यायचं तर मृत्युपत्रानं द्या, पण एकुलत्या लेकीचा अर्धा भाग राखीव. तो तुम्हाला कुणाला देता येत नाही. दिलात तर ती परत मागू शकते.

आ-सुईचं डोकंच फिरलं. अंगण त्याच्या आजोबांनी सपाट केलं, छपरी त्यानं स्वतः उभारली, आणि कुणाला काय द्यायचं हे आता सरकार ठरवणार? तेंगबाईंनी त्याला पुरतं ओरडू दिलं. मग म्हणाल्या, "काका, अर्धं मोकळं आहे, ते हवं त्याला द्या. फक्त पोटच्या पोरीला साफ वाऱ्यावर सोडायला कायदा देत नाही."

"आमच्यात वाऱ्यावर सोडलेलंच गोड होतं," आ-सुई म्हणाला. पण ते उगाच, हरलेल्या माणसानं म्हणावं तसं.

एक फट मात्र तेंगबाईंनी दाखवली. किती द्यायचं ते तुमच्या हातात नाही, पण कोणतं कुणाला ते लिहू शकता. घर आणि छपरी एकीकडे, मोकळं अंगण दुसरीकडे, दोन्हींची किंमत साधारण सारखीच भरते. आ-सुई परतीच्या वाटेवर हिशेब करत आला. अंगण लान-फाला. ते गेलं तर तिचं सगळंच गेलं. वाऱ्याच्या बाजूला कुणी दोन मजले चढवले की मागच्या चाळण्यांत बुरशीच धरायची. घर क्युक-इनला. मग लान-फा झोपणार कुठे? छपरीच्या माळ्यावर? छपरी तर घराबरोबर क्युक-इनकडे गेली. आणि क्युक-इनच्या नवऱ्यानं घर विकलं तर? वाट संपली तरी हिशेब काही सुटेना.

घरी येऊन तो पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे उभा राहिला, उदबत्ती लावली आणि सिउ-मोयला कौल लावला. लाकडाच्या दोन चंद्रकोरी ओंजळीत धरून टाकायच्या. एक पालथी एक उताणी पडली तर होकार, दोन्ही पालथ्या तर नकार, दोन्ही उताण्या पडल्या तर पलीकडचं माणूस हसतंय. घर लेकीला, अंगण सुनेला, चालेल ना? सिउ-मोय हसली. त्यानं प्रश्न जरा सजवून पुन्हा टाकला. पुन्हा हसली. जिवंतपणी ती अशीच हसायची आणि मग आपल्याला हवं तेच करायची.

लान-फा दारात चाळणी घेऊन उभी होती. "ताईंचं काहीतरी आहे ना?" तिनं विचारलं. आ-सुईनं मानेनंच हो म्हटलं. "मग आईंना कशाला त्रास देताय? ताईंना विचारा की."

आता गंमत अशी, की आ-सुईनं मुलीला आजवर कधी काही विचारलंच नव्हतं. सांगितलं होतं, दिलं होतं, बजावलं होतं. फोन लान-फानंच केला.

क्युक-इन दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवून आली. तिनं दुकान बंद ठेवलं, यावरूनच आ-सुईला धडकी भरली. आज नवं वर्ष नव्हतं, केकचा खोका नव्हता, आणि पुढच्या दारात चाळण्यांची चळत असल्यामुळे ती स्वयंपाकघराच्या दारानं आत आली. लान-फानं तिच्यापुढे तांदळाच्या चपट्या शेवयांचा वाडगा ठेवला. क्युक-इननं एक घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, पाणी मागितलं आणि मिरचीला शिवी देत सगळं संपवलं.

आ-सुईनं सगळं सांगितलं. शिक्क्याचा कागद कुचकामी निघाला, हेही सांगितलं, खाली बघत.

"ते मला केव्हापासून ठाऊक आहे," क्युक-इन म्हणाली. "समोर वकील बसतो, रोज सोयादूध प्यायला येतो. म्हटलं, आबांना त्या कागदावर झोप लागतेय, तर लागू दे."

इतकी वर्षं ही सगळं जाणून होती, आणि दर वर्षी ऊन उतरलं की मुकाट्यानं उठून गेली. मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मुलीकडे मागणं मागितलं: मी गेल्यावर खुशीनं सोडशील का? लान-फासाठी?

"नाही," ती म्हणाली.

लान-फा वाडगे उचलत होती.

"एकदा सोडलंय, आबा. पुन्हा नाही सोडणार," क्युक-इन म्हणाली. "कायद्यानं जे माझं, ते मी घेणार. आणि घर नको मला. घर, छपरी, देव्हारा सगळं हिला लिहा. भाडेकरीण असल्यासारखी ती का राहील तिथं? मला अंगण द्या. वाऱ्याकडचं, पार डोंगराच्या बाजूपर्यंत."

"अंगण तुझं, म्हणजे हिचा धंदा तुझ्या मर्जीवर," आ-सुई म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "उद्या तू तिथं इमारत बांधलीस तर?"

"तर हिचे पर्सिमन कुजतील. आणि अंगणाची वाट घरातूनच; हिनं घराला कुलूप घातलं तर मला अंगणात यायला दार नाही." क्युक-इननं लान-फाकडे पाहिलं. "तिचा धंदा माझ्या हातात, माझं माहेर तिच्या हातात. तुम्ही गेल्यावर मला इथं कोण बोलावणार होतं, आबा? कधी विचार केलात?"

त्यानं केला नव्हता. शेवटच्या फळाच्या शेवटच्या सालीपर्यंत सगळ्याचा विचार केला होता, फक्त तेवढा एक राहिला होता. लेकीचा जीव एवढ्याशा दाराकडे लागून होता, हे त्याला आज कळत होतं, आणि कळून बरं वाटावं की वाईट, ते समजत नव्हतं.

लान-फानं वाडगे खाली ठेवले. "ताई, अंगण फुकट नाही वापरणार मी," ती म्हणाली. "वारा सुटला की दर वर्षी यायचं. सोलायला माणूस कमी पडतं."

"सोलेन. पण भाजी मी करणार," क्युक-इन म्हणाली.

मृत्युपत्र आ-सुईनं त्याच दुपारी लिहायला घेतलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत स्वतःच्या हातानं, तेंगबाईंनी सांगितलं होतं तसं. सुरी धरणारे हात पेनानं घामाघूम झाले. ज्या कायद्यावर तो काल तणतणला होता, त्यानं म्हटलं होतं तितकंच त्यानं लेकीला लिहिलं, आणि लिहिताना पहिल्यांदा त्याला वाटलं की हे आपणच देतोय. कौल काही त्यानं पुन्हा लावला नाही. सिउ-मोय आता काय म्हणत असेल ते त्याला माहीत होतं.

बाहेर दोघी सोलत बसल्या होत्या. क्युक-इनचा हात इतक्या वर्षांनीही विसरला नव्हता. साल एका फेऱ्यात उतरत होती, आणि शेजारच्या दुकानदारणीची निंदाही त्याच लयीत चालली होती. लान-फा पोट धरून हसत होती. हळूहळू सावल्या लांबल्या, डोंगराची कड काळी झाली. क्युक-इननं सवयीनं सुरी पुसली, गुडघ्यावरची साल झटकली, आणि पर्स उचलून उभी राहिली.

"ऊन उतरलं, आबा. निघते."

आ-सुई दारात आला. हाताला शाई लागली होती.

"निघालीस कुठं?" तो म्हणाला. "अंगण तुझं ना? मग दव पडायच्या आत चाळण्या आत कोण घेणार?"

क्युक-इननं पर्स खिळ्याला अडकवली आणि वाऱ्याकडच्या टोकाची पहिली चाळणी उचलली.