केलगेरीचा पंचनामा

सरकारी वकील म्हणजे कोर्टात टेबलावर मूठ आपटणारा माणूस, अशी लोकांची समजूत. धारवाडच्या कोर्टात इतकी वर्षं काढली, मी एकदाही मूठ आपटली नाही. माझं खरं काम त्याच्या कितीतरी आधीचं आणि कंटाळवाणं. पोलिसांनी तयार केलेलं दोषारोपपत्र कोर्टात जाण्यापूर्वी वाचायचं, चुका असतील तर परत पाठवायचं, नसतील तर कोपऱ्यात सही करायची. वाचायचं, असं नियम सांगतो. मी चाळायची.

धारवाडलगतच्या केलगेरीच्या एका बाईची केस होती. नवरा वारलेला, ज्वारीच्या भाकरी करून खाणावळींना द्यायची. दिराला तिची खोली हवी होती. एके दिवशी त्यानं लोखंडी गजानं तिचा हात मोडला. त्याला जामीन देताना कोर्टानं अट घातली, खटला संपेपर्यंत त्या घरात पाऊल टाकायचं नाही. त्या एका अटीच्या जिवावर बाई तिथं राहत होती.

शेजारी साक्षीला आले आणि काही बघितलंच नाही म्हणून मोकळे झाले. आता तिच्या शब्दाला आधार उरला तो गज जप्त केल्याच्या पंचनाम्याचा.

आमच्याकडची एक रीत सांगते. ठाण्यासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. पोलीस प्रती काढायला तिथं जातात आणि मशीन चालू असतानाच तो दुकानदार पंच म्हणून सही ठोकतो. जप्ती होताना त्यानं आयुष्यात काही पाहिलेलं नाही. हे पोलिसांना ठाऊक, वकिलांना ठाऊक, मला ठाऊक. खरा पंच ऐनवेळी फिरतो, हा फिरत नाही, म्हणून सगळ्यांना हाच बरा वाटतो. गजाच्या पंचनाम्यावरही पंच तोच. याची शिसारी मला तो साक्षीला उभा राहिला त्या दिवशी आली, आणि तोवर फार उशीर झाला होता.

दिराच्या वकिलानं त्याला अगदी गोडीत विचारलं, गज जप्त झाला त्या दिवशी सकाळी दहा ते अकरा तुम्ही केलगेरीत होता ना? झेरॉक्सवाला म्हणाला, होतो. वकिलानं दुसरा कागद पुढं केला. त्याच ठाण्यानं चोरीची मोटरसायकल हुबळीत, देशपांडे नगरात जप्त केल्याचा तो पंचनामा. तारीख तीच, वेळ तीच, पंचाची सही तीच. कोर्टात हशा पिकला. झेरॉक्सवालाही ओशाळं हसला. मी हसले नाही, कारण दोन्ही दोषारोपपत्रांच्या कोपऱ्यात माझी सही होती.

संशयाचा फायदा देऊन दीर सुटला. बाहेर त्याच्या वकिलानं मला चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला बोलावलं. ‘‘होगली बिडरी मॅडम,’’ जाऊ द्या हो, असं म्हणत तो हसत होता. मला त्याची किळस आली. सोबतच्या पोलिसाचीही आली, तो मोबाईलमध्ये डोकं घालून उभा होता.

बाई जिन्यापाशी थांबली होती. मोडलेला हात नीट जुळला नव्हता, पदर ती डाव्या हातानं सावरत होती.

‘‘अक्का, आता तो घरी येणार काय?’’

‘‘अट संपली. येऊ शकतो.’’

‘‘ते कागद तुम्ही आधी वाचून बघितलं होतं न्हवं?’’

‘‘हो,’’ मी म्हणाले. तोंडातून सहज गेलं. मग घाईनं सांगितलं, वरच्या कोर्टात अपील करता येतं, सरकार करतं, धीर धर.

‘‘किती दिवस लागतील?’’

‘‘महिने लागतात.’’

‘‘मग आज मी झोपू कुठं?’’

मी म्हणाले, बहिणीकडे जा. तिला बहीण आहे की नाही, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. ती मान हलवून जिना उतरली.

आरोपी सुटला की अपील करावं की नाही, याचा अभिप्राय सरकारी वकिलानं वर पाठवायचा असतो. ते माझंच काम. अपील झालं असतं तर दोन्ही पंचनामे वरच्या कार्यालयात उघडले गेले असते, त्यांच्याबरोबर माझ्या सह्याही. निकालपत्र मी दोनदा वाचलं. या वेळी शब्दन् शब्द वाचला. मग लिहिलं, ‘अपिलास योग्य नाही’, आणि खाली सही केली.