कार्ड चालतं का?

डोंबिवलीहून सकाळी निघाले तेव्हा पिशवीत प्राचीची सोनोग्राफीची फाईल आणि तिच्या कंपनीने काढून दिलेलं सरकारी विम्याचं कार्ड होतं. प्राची माझी एकुलती एक मुलगी. सातवा महिना लागल्यावर रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि लगेच कळलं, वार (पोटात बाळाला पोसणारी गादी) खाली आहे. सिझेरियन करावं लागेल. आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात कार्ड चालत नाही आणि खाजगी खर्च झेपणारा नाही. तेव्हा कार्ड घेणारा डॉक्टर शोधणं हे माझं काम.

कल्याणला शेअर रिक्षातून उतरले तर दवाखान्याच्या दारावर पाटी: 'सरकारी विमा कार्ड स्वीकारले जाते'. जीव भांड्यात पडला. काउंटरवरची मुलगी गोड हसली.

"काकी, कार्ड चालतं ना! पण डोळे आणि हाडांसाठीच. डिलिव्हरीला नाय चालत."

"मग पाटीवर तसं लिहा की."

"पाटी सरांनी लावलीय," ती म्हणाली. विषय संपला.

समोरच्या टपरीवर कांदेपोहे खाल्ले. राग आला की मला भूक लागते.

माजिवड्याची बस शीळफाट्याला जी थांबली ती थांबलीच. पुढे ट्रक, मागे ट्रक. शेजारच्या आजोबांची डुलकी काढून झाली, माझा मुंब्र्याचा डोंगर तोंडपाठ झाला.

माजिवड्याचा दवाखाना चकचकीत. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ सोडून गेल्या. नवीन आल्या की फोन करू."

"तोवर बाळ थांबेल का?" मी विचारलं. त्याने पुढचा नंबर पुकारला.

बाकावर एक पोटुशी बाई बसली होती. "मावशी, कळव्याला जावा," ती म्हणाली. "तिथल्या डॉक्टरीणबाई कार्डावर घेतात. माझ्या जावेचं तिथंच झालं."

कळवा! प्राचीचं सासरच तिथं. काखेत कळसा नि गावाला वळसा. खाडीवरचा पूल ओलांडताना हसू आलं.

डॉक्टरीणबाईंनी फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचली. "कार्ड चालेल. ऑपरेशन, रक्त, सगळं. मुलगी कुठे आहे?"

"डोंबिवलीला, माझ्याकडे."

"तिथे नको. वार खाली असली की कधीही रक्तस्राव सुरू होतो. शीळफाट्याला अडकलात तर? तिला इथं जवळ राहू दे."

आनंद व्हायचा तर रडू आलं. पहिलं बाळंतपण माहेरी ही मुलीची हौस म्हणतात. खरं तर ती आईचीच असते.

विहीणबाईंचं घर पलीकडच्याच गल्लीत. सांगायला गेले. त्यांनी पाणी आणलं, पण पुढे केलं नाही, पेला हातातच धरून बसल्या. आमच्यात मुलीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या सासरचं पाणीही घेत नाहीत. लग्न झाल्यापासून मी या घरी कोरडी येते, कोरडी जाते.

"ताई, तिला इथं आणा. आणि तुम्हीपण या," त्या म्हणाल्या. "अशा वेळी आई लागते."

"अहो, पण मी इथं जेवू कशी?"

"मग दोन महिने उपाशी राहणार? नातवंड आलंच आहे की. अजून आत बसलंय एवढंच."

मी पेला घेतला.

घरी परतताना वाटलं, प्रवासात माणूस नवी ठिकाणं बघतो म्हणतात. मी आज माझ्या मुलीचं घर पाहिलं.

प्राची दारातच उभी होती. "मिळाले डॉक्टर?"

"मिळाले. कळव्यात."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मी तिकडे आणि तू इकडे?"

"बॅग भर. माझ्या पण साड्या टाक."

"आई, आणि तू तिथं जेवणार काय?"

"तुझी सासू वाढेल ते."